ह्यांची सायकल विकली तेव्हा

माझे यजमान देवानं नेले, पण ते वारले नाहीत. हे सांगताना अजूनही माझे दात आवळले जातात. आलापल्लीच्या लाकूड डेपोतून ते निवृत्त झाले, नर्मदा परिक्रमेला गेले आणि तिकडच्याच एका आश्रमात राहिले. सांगायला घरी आले नाहीत, फोनवर कळवलं. गल्लीत बातमी पसरली तशा बायका मला भेटायला येऊ लागल्या, जणू आमच्याकडे काही मंगलकार्य निघालं आहे. "पुण्यवान आहात तुम्ही," असं म्हणायच्या. एक तर वाकून पायाच पडायला लागली. मी पाय मागे घेतले आणि आत जाऊन भांडी घासत बसले, इतक्या जोरात की कढईचा कान तुटला.

मी लहानपणापासून देवभोळी. उपास, पोथी, मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा, काही चुकवलं नाही. म्हणून तर राग जास्त. दारूपायी किंवा दुसऱ्या बाईपायी नवरा गेला असता तर चार लोक माझ्या बाजूनं बोलले असते. देवासाठी गेलेल्या माणसाच्या बायकोच्या बाजूनं कोण बोलणार? मी देवापुढे बसून त्यालाच विचारायची, तुझ्याकडे माणसं कमी होती का? मग त्याच्याकडे पाठ करून जेवायची.

त्यात एके सकाळी ह्यांचा फोन आला. दीक्षा घ्यायची आहे, पण महाराज म्हणतात, पत्नीची संमती हवी. "तू हो म्हण, तुलेबी पुण्य लागन," ते म्हणाले. मी म्हटलं, "मले तुमचं पुण्य नाई पाहिजे. अन् मी हो म्हणत नाई." त्यानंतर फोन रोज वाजायचा आणि मी उचलत नसे. पण त्या नकारानं मला सुख लागलं असंही नाही. झाडताना, आंघोळ करताना, घास तोंडात घालताना मी मनात त्यांच्याशी भांडत असायची. प्रत्येक भांडणात मीच जिंकायची, आणि ते संपतं न संपतं तोच पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

शेवटी राग निघाला सायकलवर. डेपोत जायची ह्यांची काळी, उंच सायकल ओसरीत उभी असायची. जाता-येता माझा पदर तिच्या हँडलला अडकायचा. चौकातल्या पंक्चरवाल्याला सांगून ठेवलं, कोणी गिऱ्हाईक असलं तर पाठव, मला ती घरात नको.

आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी एक जोडपं आलं, एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका गावचं. बोलण्यावरून माडिया वाटले. बाई माझ्याच वयाची, नवरा किडकिडीत आणि हसरा. मला वाटलं सायकल त्याला हवी आहे. पण तो हात मागे बांधून उभा राहिला आणि तपासणी तिनं केली. टायर दाबून पाहिले, पायडल उलटं फिरवलं, घंटी वाजवली. मग लुगडं खोचून, दांड्याखालून पाय घालून तिनं अंगणात एक चक्कर मारली आणि नवऱ्याला म्हणाली, "बस." तो कॅरियरवर एका अंगानं बसला, नव्या नवरीसारखा. दोघं फाटकापर्यंत गेले आणि तिथं सायकलीसकट आडवे झाले. धुळीत बसून ती हसत होती, तोही हसत होता. आणि कित्येक दिवसांनी मलाही हसू फुटलं.

मी चहा ठेवला. चहा पिताना तिनं विचारलं, "कोणाची होय बाई, सायकल?"

"माह्या नवऱ्याची."

"मेला?"

"नाई. साधू झाला."

आणि मग मला आवरेना. त्या अनोळखी बाईपुढे मी महाराजांना, पाया पडणाऱ्या बायकांना, ह्यांना आणि देवाला, कुणाला म्हणून सोडलं नाही. ती नुसती "हौ, हौ" म्हणत राहिली. पुण्याचं नाव तिनं काढलं नाही. माझं बोलून झाल्यावर तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"हा बी गेला होता. मिरची तोडाले तेलंगणात गेला अन् वापसच नाई आला. लोक म्हणत, दुसरी केली." नवरा कपात बघत होता. "लय शिव्या देल्या मी. ह्याले देल्या, आमच्या पेनाले देल्या." पेन म्हणजे त्यांचा देव.

"मंग?"

"मंग थकली. मोहाची फुलं वेचून राह्यली होती, तं हाताले कामच सुचे ना. म्हटलं, जा बाबा, तुले जाचं तं जा. मले फुलं वेचू दे."

"मंग हा आला?"

"आला, लय दिवसानं. पण तो यावा म्हणून नाई म्हटलं होतं मी." तिनं कप खाली ठेवला. "राग मातर हायेच माहा. देते ह्याले थोडा थोडा."

"देते," नवरा मान हलवून म्हणाला.

भावाची घासाघीस झालीच नाही. जीपच्या टपावर सायकल चढवायची म्हणून त्यांना घाई होती. वळणावरून तिनं एकदा घंटी वाजवली आणि ते दिसेनासे झाले.

मी ओसरीत बसून राहिले. रडू आलं नाही, कुठला प्रकाश दिसला नाही. फक्त डोक्यातलं भांडण थांबलं होतं. आता सुरू होईल म्हणून मी वाट पाहिली. झालं नाही. ते कुणी थांबवलं, मला माहीत नाही. मी मागितलं नव्हतं, हे मात्र नक्की.

मग मी होऊन ह्यांना फोन लावला. "मी हो म्हणते. सांगा तुमच्या महाराजांले."

ते म्हणाले, "राग गेला ना तुहा?"

"नाई गेला. संमती मागतली, ते देली. आशीर्वाद मागू नोका."

बहुतेक ते रडले. मी फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. त्या संध्याकाळी कित्येक दिवसांनी मला जेवणाची चव लागली.

ते परत आलेले नाहीत, येतील असं वाटतही नाही. देवाला शरण जायचं म्हणजे आधी मन निवळायला हवं, अशी माझी समजूत होती. मी मात्र चिडलेली असतानाच गेले, आणि त्यानं मला तशीच घेतली. अजूनही मी त्याला रोज बोल लावते. पण बाजाराच्या त्या दुपारी ज्यानं त्या बाईला माझ्या फाटकातून आत आणलं, त्याचे उपकार मी कशी नाकारू? शेजारणी अजून सांगतात, नर्मदामाईकडे तोंड करून हात जोडत जा. मी जोडते, एटापल्लीच्या रस्त्याकडे तोंड करून.