ते एकदा म्हणून दाखवा

आमच्या झाडीपट्टीत नाटकाशिवाय मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, होत नाही, आणि विनोदी माणसाशिवाय नाटक चालत नाही. तो विनोदी माणूस मी. धान घरात आलं की वडशाकडच्या नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरतो, बाकीचं वर्ष दोन एकर कसतो.

काही वर्षांपूर्वीच्या नाटकात मी पाटलाचा गडी होतो. पाटील म्हणे, यंदा तुझं घर बांधून देतो, पोरीचं लग्न लावून देतो, आणि शेवटी सगळं स्वतःच गिळी. त्यावर मी खांद्यावरचा दुपट्टा झटकायचा, लोकांकडे बघायचं, मनात तीनपर्यंत मोजायचं आणि म्हणायचं, "मंजे मीच चुत्या." लेखकानं 'मूर्ख' लिहिलं होतं. मूर्खाला कोणी हसेना, म्हणून मी माझ्या मनानं बदललं. हा शहाणपणा नडला.

कोणीतरी तेवढाच तुकडा मोबाइलवर घेतला आणि शब्द माझ्या हातचा गेला. घुग्घुसचे खाणवाले ड्यूटी बदलली की तो एकमेकांना पाठवत. सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांची धूळ खाणारे रस्त्यातल्या खड्ड्याच्या फोटोखाली तो लावत. ज्याची बस चुकली, ज्याची भरती रद्द झाली, ज्याला पोरीनं नाही म्हटलं, त्या सगळ्यांना माझं तोंड पुरलं. दोस्त दोस्ताला लाडानं म्हणे, भाऊ भावाला वाटणीच्या भांडणात. राजुऱ्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या दोस्तांनी माझा फोटो छापलेले टी-शर्ट घातले आणि मला मधोमध उभं केलं. मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

मग मुलगी तालुक्याच्या कॉलेजात गेली. बारावीच्या पुढे जाणारी ती आमच्या घरातली पहिलीच. पोरं तिला 'चुत्याची पोरगी' म्हणू लागली. हजेरीत तिचं नाव आलं की मागच्या बाकावरून माझं वाक्य यायचं, माझ्याच आवाजात. दिवाळीपर्यंत तिनं घरी कळू दिलं नाही. मग एक दिवस म्हणाली, "बाबा, तुमी सायबाले भेटा. नाई तं मी कॉलेज सोडून देतो."

मी इस्त्रीचा शर्ट घातला. काय बोलायचं ते मोटारसायकलवर पाठ करत गेलो. मुलगी दारापाशी थांबली, मी आत शिरलो. प्राचार्यांनी मला ओळखलं. त्यांनी बाजूच्या खोलीतून दोन मास्तर आणि क्लार्कला बोलावून घेतलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "भाऊ, ते एकदा म्हणून दाखवा."

"सायेब, मी पोरीच्या कामानं आलो."

"काम होऊन जाईल ना. आधी म्हणा."

चौघं हसायला तयार होऊन माझ्याकडे बघत होते. अशा तोंडांना नाही म्हणायची मला सवय नाही. शिवाय वाटलं, साहेब खूश झाले तर काम लवकर होईल. दुपट्टा नव्हता तरी मी खांदा झटकला, तीनपर्यंत मोजलं आणि म्हटलं. हसून हसून मास्तर भिंतीला टेकले. क्लार्कनं मोबाइल वर धरला होता. इतकं नेमकं मला मंडपातही कधी साधलं नव्हतं, आणि लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

मग मी पोरीचं सांगितलं. प्राचार्य डोळे पुसत ऐकत होते. म्हणाले, "भाऊ, पोरं तुमचंच तर म्हणून राह्यली. आत्ता आम्हीपण हसलो. आता त्यांना कोणत्या तोंडानं रागावू?"

आलेला चहा प्यालो आणि बाहेर आलो. मुलीनं सगळं ऐकलं होतं. ती मोटारसायकलवर मागे बसली.

दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजात गेली नाही. आता लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाते. यंदाही कंपनीनं मला तोच गडी दिला आहे आणि मी हो म्हटलं आहे. दुसरं मला काही येत नाही. बायकोनं तिला पुष्कळ समजावलं. परवा पुन्हा म्हणाली, "जा वं बाई कॉलेजात. तुये बाबा अजून कोन्या मोठ्या सायबाले सांगतीन."

मी तिथंच बसलो होतो. मुलगी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगाले बाबाच होते, माय. आता कोनाले सांगू?"