भाऊजींचे घोडेस्वार

माझ्या धाकट्या दिरांइतका बिनकामाचा आणि त्यांच्याइतका कामात बुडालेला माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा सापडणार नाही. हिंगण्याच्या कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलं, लग्न केलं नाही, निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून लढाईवर निघाले. लढाई आमच्या बेस्यातल्या घराच्या वरच्या खोलीत चालते, खिडकीजवळच्या टेबलावर. तिथे ते बोटाएवढे घोडेस्वार रंगवतात. घोडेस्वार कुरियरने येतात, कोऱ्या राखाडी रंगाचे, आणि येतात ते गोऱ्या साहेबांच्या टोप्या घालून. भाऊजी आधी त्यांच्या टोप्या कानशीने घासून काढतात. मग नळ गळल्यावर लावतात ती लांबी मळून, तिच्या शेवईसारख्या बारीक दोऱ्या करून प्रत्येकाच्या डोक्याला पागोटं बांधतात. साहेबाचा नागपूरकर भोसल्यांचा स्वार होतो. एकेका पागोट्याला दोन दिवस. स्वतःच्या डोक्याला तेल लावायला या माणसाला वेळ नाही.

या फौजेचा खर्च माझ्या घरातून चालतो. घोडा हातात धरून रंगवता येत नाही म्हणून तो मेण लावून रिळावर बसवायचा, आणि रीळ माझ्या शिलाई मशीनचं. त्यावरचा दोरा संपलेला असला पाहिजे असंही नाही. माझ्या जुन्या इरकलीचा काठ खोगिराच्या नमुन्यासाठी गेला. ब्रशाचं टोक अणकुचीदार व्हावं म्हणून ते ओठांत धरायची सवय, त्यामुळे जेवायला खाली येतात तेव्हा जीभ कधी तांबडी, कधी हिरवी. एकदा ब्रश चहात बुडवला आणि ब्रश धुतलेलं पाणी पिऊन टाकलं. मी विचारलं तर म्हणाले, आज चहात आलं कमी होतं.

एकदा मी सरळ बोलले की त्या स्वाराच्या खोगिराला लाल रंग दिला काय आणि जांभळा दिला काय, तो काही येऊन तक्रार करणार नाही. भाऊजींनी मान वर केली नाही. म्हणाले, "तो येणार नाही, म्हणूनच तर नीट करा लागते, वहिनी." मी खाली जाऊन वरणाला फोडणी दिली.

बाहेर पडले तरी डोक्यात घोडाच. माझ्या भाच्याच्या लग्नात वरात दारात येऊन थांबली आणि हे नवरदेवाकडे न बघता घोडीच्या पायाशी उकिडवे बसले. पांढऱ्या घोडीचे गुडघे पांढरे नसतात, राखी असतात, हे त्यांना तिथे समजलं. बँडवाले वाजवून थकले, नवरदेव वर बसून घामाघूम झाला, नवरीची आई मला विचारायला आली की तुमच्या दिरांना चक्कर आली का. तान्ह्या पोळ्याला लेकरं सजवलेले लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा मागत फिरतात. लोक चार पैसे देतात, बैल छान आहे म्हणतात आणि मोकळे होतात. भाऊजींनी एका पोराचा हिरवा बैल वर नेला आणि अर्ध्या तासाने मातकट करून खाली आणला, शिंगाच्या मुळाशी काळसर सावलीसुद्धा दिलेली. पोरगं भोकाड पसरून रडलं. त्याची आई माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

पण खरी लढाई गेल्या वर्षी झाली, ती माझ्याशी, त्यांच्या डोळ्यांवरून. चहा कपाच्या बाजूला ओतायला लागले. जिन्याची शेवटची पायरी कधी दोनदा उतरायचे, कधी उतरायचेच नाहीत. एका घोड्याचा डोळा गालावर रंगवला, तरी म्हणे घोडा वळून पाहतो आहे. फौजेचे अंगरखे पांढरे, म्हणजे त्यांच्या मते पांढरे. मला ते निळसर दिसायचे. मी म्हटलं, भाऊजी, यांच्या कपड्याला नीळ जास्त झाली. तर म्हणाले, चष्मा तुम्ही बदला.

शेवटी मी त्यांना ऑटोत घालून रामदासपेठेत डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची, पण समजावून सांगणारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, आधी उजवा करू, मग डावा, पेपर आरामात वाचता येईल, असं ती म्हणाली. पेपर म्हटल्यावर भाऊजींचं तोंड उतरलं. त्यांनी विचारलं की घोड्याच्या पापणीला रंग देता येईल का. ती हसली. तिला वाटलं आजोबा गंमत करतात. मग महिनाभर भाऊजी काही ना काही कारण काढत राहिले, आज सर्दी आहे, उद्या अमावस्या आहे. खरं कारण मला ठाऊक होतं. हातात ब्रश धरता आला नाही तर सकाळी उठून करायचं काय, ही भीती त्यांना खात होती. मी त्यांना सांगितलं की असंच राहिलात तर पुढच्या पोळ्याला घोडा कोणता आणि बैल कोणता तेही कळणार नाही. तेव्हा तयार झाले.

उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, आणि घरी आल्याबरोबर काळा चष्मा कपाळावर सरकवून ते वरच्या काचेच्या कपाटासमोर गेले. कपाट माझ्या कपबशांसाठी घेतलं होतं, त्यात फौज राहते. बराच वेळ आवाज नाही म्हणून मी वर गेले. ते खुर्चीत बसले होते. म्हणाले, "वहिनी, यायले कोणं रंगवलं?"

मी म्हटलं, तुम्हीच, दुसऱ्या कोणाला वेळ आहे? त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. जुन्या डोळ्याने अंगरखे पांढरेशुभ्र, नव्या डोळ्याने धोब्याने बिघडवलेले. तेव्हा मला समजलं. मोतीबिंदूमुळे यांना सगळं पिवळट दिसत होतं, आणि तो पिवळेपणा मारायला हे वर्षानुवर्षं पांढऱ्यात निळा मिसळत होते. सगळी फौज त्या डोळ्याच्या मापाने रंगवलेली. मी सांगितलं होतं, एवढंच मी म्हटलं; पहिल्यांदाच त्यांच्यावर जिंकले होते. मग त्यांनी माझ्याकडे वळून एक डोळा झाकला, दुसरा झाकला, आणि अगदी नवल वाटल्यासारखं म्हणाले, "तुम्ही तर भलत्याच म्हाताऱ्या झाल्या."

"आणि तुम्ही काय नवरदेव होऊन घोडीवर बसून राहिले आता?" मी म्हटलं. त्यांनी आरसा मागितला. दिला नाही. ताज्या डोळ्याला एका दिवसात एवढं पुरे.

त्यानंतर डाव्या डोळ्याचं नाव काढलं की भाऊजी जागचे उठून जायचे. हा डोळा राहू द्या, यात माझी फौज बरोबर दिसते, असं त्यांचं म्हणणं. पण दोन डोळे दोन तऱ्हेचे, त्यामुळे अंतर कळेना. ब्रश घोड्याच्या अलीकडेच हवेत फिरायचा, किंवा पलीकडे जाऊन टेबल रंगवायचा. रिळावर एक नवा स्वार कोरा उभा होता. भाऊजी सकाळी त्याच्यासमोर बसायचे, दुपारी उठायचे, आणि स्वार तसाच राखाडी. जेवताना जीभही स्वच्छ. मला ती बघवेना. मी त्यांना तोंडावर म्हटलं, जुने बघत बसायचे असतील तर डोळा ठेवा, नवे रंगवायचे असतील तर द्या. दोन्ही मिळत नसतं. ते भात कालवत राहिले. चार दिवसांनी स्वतःच म्हणाले, "त्या डॉक्टर पोरीले फोन करा."

दवाखान्यात जायच्या दिवशी ऑटो आला तेव्हा भाऊजी खाली नव्हते. मी जिना चढून ओरडायला वर गेले, कारण डॉक्टर थांबत नाहीत आणि माझे गुडघे रोज दोनदा चढू देत नाहीत. ते कपाटाची दारं उघडून समोर उभे होते. उजव्या, नव्या डोळ्यावर तळहात घट्ट धरलेला. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, एकेकाकडे, फौज तपासणाऱ्या सरदारासारखे पाहत होते. मला सांगायचं होतं की तुमचे स्वार कुठे पळून जात नाहीत, आणि नवीन रंगाचे डबे कपाटाखाली आणूनच ठेवलेत ते मला माहीत आहे.

शेवटची रांग झाली, तसे ते हात न काढता माझ्याकडे वळले.

"काय पाहून राहिले?" मी विचारलं.

"थांबा ना थोडंसं."

खाली ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता. मी पदर सारखा केला आणि उभी राहिले.