अक्का तिथं नव्हती

अनोळखी नंबरवरून आलेला फोन हल्ली मी लगेच उचलत नाही. त्या दिवशीही आला. सकाळची शाळा सुटत आली होती, औरादच्या आमच्या शाळेच्या मैदानावर मी आठवी-नववीच्या मुलींना खो-खोला बसवत होते. फोन तीनदा वाजून बंद झाला, चौथ्यांदा घेतला. सुमंगलाअक्काचा पुतण्या होता, हळ्ळीखेडहून. "मॅडम, अक्का गेल्या. पूजेला बसल्या अन् बसल्या जागीच..." आता खरं लिहायचं म्हणून बसलेय तर हेही लिहिते. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. 'सुटले' असं आलं. आता सुनावणी पुढं सरकणार नाही, आता मला कुणी काही विचारणार नाही. मग तोंडातली शिट्टी खाली पडली, मुली माझ्याकडं टकामका बघायला लागल्या आणि मला माझीच शरम वाटली. या गोष्टीला पाच आठवडे झाले.

सुमंगलाअक्का विद्यापीठाच्या क्रीडा विभागात कारकून होती. कुठलं विद्यापीठ ते लिहीत नाही, चौकशी चालू आहे. मी तिथं बी.ए. करत होते आणि विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळत होते, तेव्हापासूनची आमची ओळख. इतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. पालीला भ्यायची, विजेला भ्यायची, विभागप्रमुख साहेबांची बेल वाजली तरी दचकायची. लिंगायत होती, दचकली की हात आधी गळ्यातल्या लिंगाकडं जायचा, मग कपाळावरची विभूती नीट आहे का ते बघायची, आणि मग "आले साहेब" म्हणायची. आम्ही पोरी तिच्या मागं मुद्दाम स्टीलचं ताट आपटायचो. "अय्यो, जीव घ्यायलात का गं माझा!" असं ओरडून पुन्हा तीच डबा उघडायची आणि कडक भाकरी, शेंगाची चटणी आमच्या हातावर ठेवायची. खेडेगावातून आलेल्या आम्हा पोरींना त्या इमारतीत आपली म्हणावी अशी तेवढी एकच बाई होती.

मुलींचा संघ बाहेरगावी सामन्यांना निघाला की सोबत एक महिला व्यवस्थापक असलीच पाहिजे, असा नियम होता. विभागात बाई एकच, त्यामुळं प्रत्येक दौऱ्याच्या यादीत सगळ्यात वर अक्काचं नाव असायचं. तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून चार दिवस कुठं जाणार? साहेबांनीच तोड काढली होती. "तुम्ही नुसती सही करा अक्का, प्रशिक्षक सर आहेत की सोबत." अक्का सही करायची आणि संघ तिच्याविना निघायचा. शिवाय ऑफिसात रोजच्या हजेरीच्या मस्टरवरही तिची सही व्हायची, आणि त्याखाली साहेबांची लाल पेनाची खूण. कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडं अशा सह्यांवरच तर कचेऱ्या चालतात.

मी दुसऱ्या वर्षाला होते, एकोणीस वर्षांची. दौऱ्यावर दुपारीच आम्ही सामना हरलो. लॉजवर आल्यावर सरांनी निरोप पाठवला, कुणाला कुठं लागलंय ते बघायचंय, एकेकीनं खोलीत या. माझ्या मांडीची शीर आखडली होती. मी गेले. यापुढचं मी चौकशी समितीला सांगणार आहे, इथं नाही. इथं एवढंच लिहिते की नंतर त्या लॉजच्या जिन्यात, भर उन्हाच्या वेळी, मी कठड्याला धरून उभी होते आणि मनातल्या मनात एका बाईला शोधत होते, जिचं नाव यादीत माझ्या नावाच्या वर होतं.

परत आल्यावर अक्कानं डबा पुढं केला, मी हात लावला नाही. "कामून जेवंना गेलीस गं, रेखव्वा?" मी म्हणाले, काही न्हाई. तिनं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि तिचा हात गळ्याकडं गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही सरावाला गेलो तर अक्काची निळी लोखंडी खुर्ची तिच्या टेबलामागं नव्हती. ती व्यायामखोलीच्या दाराशी होती, आणि अक्का फाईल मांडीवर घेऊन तिच्यावर बसली होती. सर हसून म्हणाले, "काय अक्का, हवा खायला बसलात?" ती म्हणाली, "व्हय सर, आत लई उकडायलंय." थंडीच्या दिवसांतही तिला आत उकडायचंच. सगळा विभाग तिची टिंगल करायचा, ती मान खाली घालून कागदांना टाचण्या मारत राहायची. पण एखादी मुलगी सरांकडं आत गेली की अक्काची मान वर व्हायची आणि ती बाहेर येईपर्यंत खाली यायची नाही. निवृत्त होईपर्यंत ती तिथं बसली. मला ते कळत होतं. मला कळतंय हे तिलाही कळत होतं. आम्ही दोघींनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही... आणि दौरे निघत राहिले, यादीवर तिची सही होत राहिली. दारात बसलं की आपलं काम झालं, असं तिला वाटायचं. गप्प बसलं की माझं झालं, असं मला वाटायचं.

पुढं मी बी.पी.एड. केलं, औरादला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. गेल्या वर्षी विद्यापीठातल्या एका खेळाडू मुलीनं त्याच प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. मला तिचं नाव माहीत आहे आणि ते मी कुठंही घेत नाही. त्या माणसानं राजीनामा दिला, विभागानं त्याला शाल घालून निरोप दिला आणि प्रकरण मिटलं असं सगळ्यांनी धरलं. पण त्या मुलीनं धरलं नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की त्याला तर धराच, पण आम्हाला त्याच्या हाती सोपवून जे ऑफिसात बसले त्यांनाही धरा. ती कोर्टात गेली, बाहेरची एक चौकशी समिती नेमली गेली, आणि विद्यापीठानं लेखी कळवलं की आजवर प्रत्येक दौऱ्यात महिला व्यवस्थापक मुलींसोबत हजर होत्या, विद्यापीठाकडून कसलीही हयगय झालेली नाही. हे पेपरात छापून आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का माझ्या दारात. बसनं आली होती, घामानं डबडबलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जुन्या दौऱ्यांच्या याद्यांच्या झेरॉक्स. पाणीसुद्धा प्यायली नाही.

"रेखव्वा, मी तर हापिसातच हुते गं. मस्टरवर सही हाय माझी, त्याच तारखांची. खाली साहेबांची लाल खूण हाय. एकाच दिशी मी दोन गावी कशी आसंन?"

मी म्हणाले, "म्हणजे साहेबांना ठाऊक होतं."

"समद्यांला ठाव हुतं. मीच येडी. मला वाटायचं, मी कागदालाच फसवायलेय, माणसाला न्हाई."

मी तिला समजावलं, अगदी स्वार्थानं समजावलं. तुम्ही बोललात तर आधी तुमच्यावरच येईल, खोटी सही केली म्हणतील, या वयात कोर्टकचेरी कशाला. ती ऐकून घेत होती आणि पिशवीतल्या झेरॉक्स एकावर एक नीट लावत होती. "येऊ दी माझ्यावर," ती म्हणाली. "लई भ्या वाटायलंय गं. पर त्या पोरीला किती वाटायलं आसंल." मग उठताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझं नाव मी घेणार न्हाई. जिचं तिनं सांगावं. पर कुनी सांगाया गेलीच, तर तिनं माझी गय करू नये." त्या जिन्याबद्दल, त्या दुपारबद्दल इतक्या वर्षांत आमच्यात झालेलं बोलणं ते एवढंच.

पहिल्या सुनावणीला मी तिच्यासोबत गेले, पण बाहेरच्या बाकावर बसले. आत गेलेली अक्का दोन तासांनी बाहेर आली तेव्हा तिच्या ब्लाउजची पाठ भिजली होती, पण चेहरा हलका होता. सगळं सांगितलं म्हणाली. मस्टर मागवा म्हणून सांगितलं. जबाब टाईप होऊन यायचा होता, पुढच्या तारखेला वाचून सही करायची होती. "ही सही खरी," असं ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी हसली.

त्यानंतर फोन सुरू झाले. अक्काच्या घरासमोर भर दुपारी दोन माणसं मोटारसायकल लावून बसायची, एकदा त्यांनी पुतण्याला विचारलं, अक्का तारखेला कुठल्या बसनं जायल्यात? अगदी आदरानं विचारलं. मलाही फोन आला. माणूस फार गोड बोलत होता. "मॅडम, तुमची मुलगी आठवीला ना? छान खेळते म्हणे. पुढं विद्यापीठाच्याच संघात येणार की..." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर बसले. त्या दिवसापासून मी मुलीला शाळेत स्वतः नेते, स्वतः आणते. नवरा म्हणतो, आपल्याला काय करायचंय. तो वाईट माणूस नाही, तोही भ्यालाय. आणि एक गोष्ट मी त्यालाही सांगितलेली नाही. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या सामन्यांना मुलींसोबत जायची पाळी माझी होती, मुलीला ताप होता, म्हणून मी 'सोबत शिक्षिका' या रकान्यात सही केली आणि घरी राहिले. काही झालं नाही. सगळ्या मुली हसत परत आल्या. पण आता शाळेत कुठल्याही रकान्यात सही करायच्या आधी मी तो दोनदा वाचते.

पुढच्या तारखेच्या आठ दिवस आधी अक्का गेली. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं, आणि तसंच झालं असणार. तिचं हृदय आयुष्यभर धडधडतच होतं. गावात लोक दुसरंही कुजबुजले. ते खरं नसावं असं मला वाटतं, पण लोकांना तसं वाटावं इतपत वातावरण झालं होतं, याचीच मला धास्ती आहे.

हळ्ळीखेडला पोचले तेव्हा अक्काला ओसरीवर भिंतीशी बसवलं होतं. त्यांच्यात माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. कपाळभर विभूती, मान पडू नये म्हणून मागं बांधलेलं कापड, डोळे मिटलेले. बायका रडत होत्या. मला रडू येण्याआधी भीती वाटली, कारण ती हुबेहूब तशीच बसली होती, व्यायामखोलीच्या दाराशी बसायची तशी, ताठ. खड्ड्यात तिला बसवलं, वर बिल्वपत्रं पडली, माती पडली. मी मुलींना रोज शिकवते की खो देणारी तिथंच खाली बसते आणि जिच्या पाठीवर खो पडला तिनं उठून पळायचं असतं. तिथं उभी असताना ते मनात आलं आणि मी ते झटकून टाकलं. निघताना पुतण्यानं ती निळी खुर्ची आणून माझ्यापुढं ठेवली. निवृत्तीच्या वेळी ती भंगारात निघाली होती, अक्कानं साहेबांकडून मागून घेतली होती म्हणे. नोकरीभरात तिनं मागून घेतलेली तेवढी एकच वस्तू.

आता विद्यापीठाचं म्हणणं असं आहे की त्या जबाबावर सही नाही, जबाब देणारी बाई हयात नाही, मस्टर जुनं असल्यानं सापडत नाही, आणि दौऱ्याच्या यादीवर मात्र त्यांची स्वच्छ सही आहे, म्हणजे त्या सोबत होत्या. मेलेल्या अक्काला त्यांनी पुन्हा त्या लॉजवर नेऊन बसवलंय, मुलींची राखण करायला. तक्रार करणाऱ्या मुलीच्या वकीलबाईंचा फोन आला होता. दौऱ्यावर गेलेली एखादी तरी हवी, म्हणाल्या. आमच्या त्या दौऱ्याच्या यादीत बारा मुलींची नावं आहेत. मी काही जणींना फोन केले. एक रडली, एकीनं चुकीचा नंबर म्हणून ठेवून दिला. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः बाहेरच्या बाकावर बसलेली बाई आहे.

खुर्ची आमच्या पुढच्या दाराशी ठेवलीय. तिची एक पट्टी सैल आहे, बसलं की करकरते. काल मुलगी त्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती, मी दचकून ओरडले, तिला काही कळलं नाही. मग मी तिथं बसले, ती कालच्यापुरती वडिलांच्या गाडीवर बसून कोपऱ्यावर दिसेनाशी होईपर्यंत मान वर करून बसले, आणि माझा हात गळ्याकडं गेला. माझ्या गळ्यात लिंग नाही, नुसतं मंगळसूत्र आहे.

हे छापून येईल तोवर सुनावणी होऊन गेलेली असेल. उद्या सकाळच्या बसनं मी जाणार आहे, नाव सांगणार आहे, त्या दुपारचं सांगणार आहे. पण आधी मला जे वाक्य बोलावं लागेल ते मी आठवडाभर घरात कुणी नसताना बोलून बघतेय, आणि दर वेळी मध्येच थांबतेय. जिनं मला जेवू घातलं, जी माझ्यासाठी ऊन-थंडी न बघता दारात बसली, तिच्याबद्दलचं ते सगळ्यात वाईट वाक्य आहे, आणि तेच बोल म्हणून ती सांगून गेलीय. अक्का, मला लई भ्या वाटायलंय गं... पण मी गय करणार नाही. त्या दिवशी अक्का तिथं नव्हती. मी होते.