न घातलेलं दूध

रिकाम्या किटलीच्या तोंडावर तळहात ठेवून ती म्हणायची, "आज नगं, तम्मा. औषध हाय." आणि रांगेतून बाजूला व्हायची.

रिकामी किटली घेऊन दुधाच्या रांगेत उभं राहिलेलं माणूस तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलंय. घासूनपुसून लख्ख केलेली किटली घेऊन ती आपला नंबर येईपर्यंत उभी राहायची.

मी तेव्हा अक्कलकोट तालुक्यात, मैंदर्गीच्या अलीकडच्या एका खेड्यात दूध संकलन केंद्रावर होतो. मोठा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती आणि घरोघरी एखाददुसरी म्हैस पुन्हा आली होती. सकाळी सहाला लोक दूध घालायला यायचे, आठला सोलापूरचा ट्रक कॅन घेऊन जायचा. त्यानंतर दिवसभर केंद्रात मी आणि माशा. नोकरी हंगामी होती. राहायला केंद्राच्याच मागची खोली.

ती पन्नाशी ओलांडलेली, उंच, सरळ पाठीची. कपाळाला विभूती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती लेक अकलूजकडे दिलेली, ती पंचमीला आली तर यायची. घरात ही आणि एक म्हैस. म्हशीशी ती कानडीत बोलायची आणि आमच्याशी मराठीत; 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, एवढीच कानडी माझ्या वाट्याला. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "तिला मराठी येत न्हाय की." वर हसलीही नाही.

केंद्राच्या भिंतीवर नियमांचा एक छापील कागद होता. तो मीच खळीने चिकटवला होता आणि मीच विसरलो होतो. एका सकाळी सगळे गेल्यावर तिने तो मला वाचायला लावला. कास धुऊन दूध काढावे. आजारी जनावराचे दूध आणू नये. जनावरास औषध टोचल्यास तीन दिवस त्याचे दूध केंद्रावर घालू नये.

"परत वाच की."

मी परत वाचलं.

"तीन दिवस कुटनं मोजायचं? पयल्या सुईपासनं का शेवटच्या?"

मला ठाऊक नव्हतं. जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "शेवटच्या. पण हे विचारलं कुणी?" मी तिच्याकडे बोट दाखवलं. मग कागदावर शाईने 'शेवटच्या औषधानंतर' असं लिहिलं. लोक हसले. त्यांच्यापैकी कुणी पहिल्यापासूनही मोजत नव्हतं.

ती मात्र मोजायची. म्हशीच्या कासेला सूज आली, सुया सुरू झाल्या, की तेवढे दिवस दूध परसात ओतायची आणि रिकामी किटली घेऊन यायची. मी रजिस्टरात तिच्या नावापुढे लिहायचो: 'औषध. दूध घेतले नाही.'

"अक्का, दूध नाही तर एवढं चालत कशाला आलात?"

"सांगाया नगं? तू वाट बगशील."

मी वाट बघत नव्हतो. चाळीस किटल्यांत एक कमी आली असती तर मला कळलंही नसतं. पण तसं बोलवेना. ती थोडा वेळ थांबायची, थंडी लई हाय म्हणायची, ट्रकला उशीर झाला म्हणायची. मग जायची. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती किती जणांशी बोलत असेल, हे मी स्वतःशीच मोजून पाहिलं होतं. माझंही उत्तर फारसं वेगळं आलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात सोलापूरहून निरोप आला. आमच्या केंद्राच्या कॅनमधल्या दुधाचं दही लागलं नव्हतं. विरजण घालूनही दूध पाण्यासारखं राहिलं होतं. औषधाचं दूध मिसळलं की असं होतं.

दुसऱ्या दिवशी जीपमधून साहेब आले. म्हणाले, "औषध दिलेल्या जनावरांची नोंद काढा." मी रजिस्टर पुढे केलं. त्या आठवड्यात एकच नाव होतं, तिचं. कारण औषधाचं सांगणारी ती एकटीच.

"साहेब, पण तिचं दूध घेतलेलंच नाही. लिहिलंय तसं."

"नाव आहे ना? मला वर नाव द्यायचंय."

जीपला टेकून आमच्या केंद्राचे चेअरमन उभे होते. चारच दिवसांपूर्वी त्यांच्या गोठ्यात औषधाच्या रिकाम्या बाटल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि त्यांच्या चारही म्हशींचं दूध रोज माझ्याच हातून कॅनमध्ये गेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर मिटलं.

महिनाभर तिचं दूध बंद, असा हुकूम झाला. तो सांगायचं काम माझं. सकाळी ती भरलेली किटली घेऊन आली. औषधाचे दिवस संपले होते, चेहरा खुलला होता. मी सांगितलं. तिला आधी कळेचना.

"पर मी तर घातलंच नव्हतं की."

"हो."

"तुला ठावं हाय नव्हं?"

"हो, अक्का."

"मग सायबाला सांगितलंस?"

"तुमचं घेतलं नाही, एवढं सांगितलं."

"आन कुनाचं घेतलं, ते?"

मागे रांग उभी होती. सगळ्यांना सगळं माहीत होतं. मी पुढच्या किटलीकडे हात केला. तिने किटली उचलली. "असू दे," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर ती आली नाही. दूध नसतानाही येणारी बाई, आता म्हैस दोन्ही वेळ दूध देत असताना येईना. आठव्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. ती म्हशीपाशी बसली होती. मला बघून उठली, आत गेली आणि एक मातीचं भांडं घेऊन आली. घट्ट दही. तिने ते माझ्यासमोर आडवं केलं, पार तिरपं. थेंब सांडला नाही.

"बग. माझं दूध लागतंय."

"अक्का..."

"खा."

मी खाल्लं. गोड दही होतं, साखरेची गरज नव्हती. ती समोर उभी राहून बघत होती. दह्याकडे नाही, माझ्याकडे.

त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहिला. कुणाच्या गोठ्यात काय पाहिलं, कुणाचं दूध घेतलं, आणि मी गप्प बसलो तेही. सकाळी ट्रकबरोबर धाडला. तिला सांगितलं तर ती घाबरली. "येडा हाय का? नोकरी हाय नव्हं तुजी?"

पाचव्या दिवशी तिची बंदी उठल्याचा कागद आला. चेअरमन चेअरमनच राहिले. माझी बदली अकलूजकडे झाली. निघायच्या आदल्या सकाळी ती रांगेत होती, किटली काठोकाठ भरलेली. मी दूध ओतून घेतलं. "लेकीच्या गावाकडं चाललास," ती म्हणाली. "दिसली तर सांग, बरी हाय म्हनावं." मी हो म्हटलं. लेकीचं घर शोधायला मला जमलं नाही. खरं सांगायचं तर मी शोधलं नाही.

दीड वर्षाने, नोकरीत कायम झाल्यावर, तपासणीच्या निमित्ताने त्या केंद्रावर एक सकाळ गेलो. नवा माणूस रजिस्टर लिहीत होता, रांग तशीच. मी दोनदा शेवटापर्यंत बघितलं. मग एका बाईला विचारलं.

"ती व्हय? गेली की. गेल्या उन्हाळ्यात."

"आजारी होती?"

"कुनाला ठावं. दोन दिस म्हैस रेकत होती. दूध कोन काढंना म्हनून. तवा जाऊन बगितलं."

एवढं सांगून बाईने आपली किटली पुढे केली. मागच्यांना घाई होती. मी काचेचा दूधमापक तिच्या दुधात तरंगता सोडला. तो खालीवर होत होता. मग स्थिर झाला. नवा माणूस पेन धरून थांबला होता. "किती, सायेब?" त्याने विचारलं. मी वाकून बघत होतो, पण आकडा काही दिसेना.