साडूंच्या वहीतला रिकामा रकाना

जग बंद पडायची इतक्या उत्साहाने वाट पाहणारा दुसरा माणूस मराठवाड्यात नसेल. हे माझे थोरले साडू. नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला राहायचे, आणि गंमत अशी की एकतीस वर्षं त्यांनी वीज खात्यात खांबावर चढून लोकांचे दिवे चालू ठेवले. निवृत्त झाल्यावर मात्र, "हे सगळं एक दिवस बसतंय बघा, साडूभाऊ," असं ते अशा चेहऱ्याने सांगू लागले की वाटावं घरात लग्न निघालंय. वीज नाही, मोबाईल नाही, पेट्रोल नाही, मग पुढे काय, असं कुणी विचारलं की खुर्ची पुढे ओढून म्हणायचे, "तेच तर बघायचंय! मानूस मग काय काय करतंय, लई मजा येनार हाय."

या उत्साहाला कारण होतं. नोकरीत असताना एकदा वादळाने इस्लापूरकडचे खांब आडवे झाले आणि पाच दिवस वीज नव्हती. शिव्या खायच्या तयारीने हे गेले, तर गिरणी बंद म्हणून एका ओसरीवर दोन जावा समोरासमोर बसून जात्यावर ज्वारी दळत होत्या. वर्षानुवर्षं अबोला, पण वाटणीत जातं एकीकडे गेलेलं आणि खुंटा दुसरीकडे. "मी लाईट चालू केली," साडू सांगायचे, "आन् खुंटा परत आपल्या घरी गेला. मलाच गुन्हेगारावानी वाटलं."

तेव्हापासून त्यांनी एक वही केली. सगळं बंद पडल्यावर कोण काय कामाचं, याची नोंद. अर्धापूरचा एक केळीवाला पानं बघून पाऊस सांगतो, तो वहीत. एक रिटायर नर्स टाके घालते, ती वहीत. आमच्या हिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'वाळवणाच्या खारोड्या, काढे, आवाज (भोंग्याऐवजी)'. ती आठवडाभर बोलली नाही, म्हणजे दाजींशी. त्याच्या खालच्या ओळीत माझं नाव होतं आणि पुढचा रकाना रिकामा.

तीन वर्षं तो रिकामा होता. मी आयुष्यभर कचेरीत तक्ते जुळवले. एकदा न राहवून विचारलंच, तर म्हणाले, "तुम्हाला येतंय काय?"

"आकडेमोड."

"मोजायला काय उरनार, साडूभाऊ?"

मी प्रयत्न केले. त्यांच्या घरी दर दिवाळीला मेन स्विच पाडून तालीम व्हायची. एका तालमीत मी चूल पेटवली, त्याला एकोणीस काड्या लागल्या. साडूंनी मोजल्या नव्हत्या, मीच मोजल्या. दुसऱ्या तालमीत विहिरीतून पाणी शेंदलं, ती बादली अजून विहिरीत आहे. रकाना तसाच राहिला. बायकोच्या वरच्या ओळीकडे बघून माझा जीव जळायचा, हे इथे लिहायला हरकत नाही.

मग त्यांनी मोठी तालीम काढली. गाड्या बंद पडल्यावर नांदेडहून लातूरला आमच्याकडे यायला किती वेळ लागतो, हे बघायला एका गुरुवारी सकाळी सायकलवर निघाले. मोबाईल आणि घड्याळ घरी. माझ्या हिशेबाने एकशे चाळीस किलोमीटर, दोन दिवस. आले चौथ्या दिवशी, टेम्पोत बसून, मांडीवर सायकलचं चाक आणि वहीत अकरा नवी नावं. हिने गरम भाकरी वाढली तर ताट सरकवलं.

"आज शनवार हाय. उपास."

"दाजी, आज रविवार," ही म्हणाली.

"हॅ! शनवार!"

नळाजवळ खिळ्याला माझी रोजच्या नोंदींची वही टांगलेली असते, ती मी आणून पुढे ठेवली. शुक्रवार, नळ पाच चाळीस ते सहा पंचावन्न, हौद बावीस इंच. शनिवार, नळ नाही. रविवार, नळ नाही, मोगऱ्याला सात कळ्या. साडूंनी बोटाने ओळी खालून वर वाचल्या, मग वरून खाली. हळूहळू उलगडलं. अहमदपूरला गुडघे सुजले म्हणून ते शुक्रवारी दुपारी एका पंक्चरवाल्याच्या छपरात आडवे झाले होते, ते उठले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. यांना वाटलं, तीच संध्याकाळ.

"आन् मग मी काल रात्री..."

"काय खाल्लं?" हिने विचारलं.

"अंडाकरी," साडू म्हणाले. चाळीस वर्षांचा शनिवार गेला होता.

मग त्यांनी पिशवीतून आपली वही काढली, माझं नाव शोधलं, आणि रकान्यात लिहिलं, 'वार आणि तारीख'. वर बघून म्हणाले, "तुमच्याबिगर पेरनी चुकंल, दिवाळी चुकंल. लई मोठं खातं हाय." मग भाकरी ओढून घेतली. तीन खाल्ल्या.

आता ते पुण्यात मुलाकडे असतात, अकराव्या मजल्यावर. तिथे वीज गेली की जनरेटर लागतो. रोज सकाळी त्यांचा फोन येतो.

"साडूभाऊ, आज कोन्ता वार?"

"मोबाईलवर दिसतो की."

"त्ये न्हाई. तुमच्या वहीत काय हाय?"

मी वाचून दाखवतो. ते ऐकतात, हं हं करतात. "इथं कायच बंद पडंना हो," एकदा म्हणाले. "शेजारी कोन हाय, त्येबी कळंना." गेल्या महिन्यात मात्र फोनवर आवाज फुलला होता. लिफ्ट अडकली होती, चाळीस मिनिटं. चार नावं मिळाली होती, त्यातली एक बाई तर घोंगडी विणते.

पूर्वी घाईच्या दिवशी एखादी नोंद राहून जायची. आता राहू देत नाही. नळ आला नाही, पाऊस नाही, कळी नाही, तरी निदान वार लिहून ठेवतो. सकाळी विचारणारं माणूस आहे.