माशीखाऊ झाडाचा श्रावण

“शेणखत? माय, तू याला शेणखत घातलंस?”

“घातलं! घरचं, चांगलं कुजलेलं. साखरा गावच्या आपल्या शेतातलं. लोक मागायला येतात!”

“अगं, मेलं ना ते!”

“मरंल न्हाई तर काय करंल? एवढंसं तर पाठवलं व्हतंस!”

भर कचेरीत, माझ्या टेबलाशी, माझी लेक छबू माझ्यावर ओरडून राहिली होती आणि मी तिच्यावर. मध्ये प्लास्टिकच्या कुंडीत काळं पडलेलं झाड. चूक कोणाची? तुम्हीच ऐका आणि ठरवा. माझ्या तोंडून ‘चुकले’ हा शब्द उभ्या जन्मात कोणी ऐकलेला नाही. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं माझं मी वाचलं, टायपिंगसुद्धा माझी मीच शिकले आणि सेनगावच्या त्या कचेरीत खुर्ची मिळवली. मला कोण शिकवणार?

छबू तेव्हा बेंगळूरला रोपांच्या प्रयोगशाळेत होती. तिनं गावाकडच्या एका माणसाबरोबर हे झाड पाठवलं. माश्या खाणारं! पानांच्या टोकाला शिंपल्यासारखं तोंड, कडेनं पापण्यांसारखे केस. माशी आत बसली की खटकन बंद! सोबत निरोप: पावसाचं पाणी दे, बाकी हात लावू नकोस.

झाड घरी का नाही ठेवलं? घरात उजेड नाही, असं मी साऱ्या कचेरीला सांगितलं. तुम्हाला खरं सांगते, घरात फोन नव्हता. आधी छबूचा फोन दिवाळी-संक्रांतीला यायचा. झाड आल्यापासून दर शनिवारी कचेरीत घंटी! “माय, झाड कसं आहे?” मग झाडानं आज काय खाल्लं, कोणतं तोंड उघडलं, सगळं रंगवून सांगायची. माझी चौकशी शेवटी, तीही घाईत. पण व्हायची!

आणि श्रावण लागला. आमचे बडेबाबू, म्हणजे मोठे कारकून, श्रावणात कांद्याचा वाससुद्धा घेत नसत.

“बाई, ते झाड काढा. देवाच्या फोटोसमोर हत्या होऊन राहिली.”

“माश्या तर तुमीबी मारता की, फायलीनं.”

“मी खात न्हाई!”

शेजारच्या टेबलावरचे रशीदभाई हसता हसता खोकायला लागले. मला काय चेव आला कोण जाणे! “माझं झाडबी श्रावण पाळंल, बघा तुमी!”

पाळलं. वरून मच्छरदाणीचा तुकडा बांधला. माश्या बिचाऱ्या बडेबाबूंच्या टकलावर जाऊन बसू लागल्या.

पण उपाशी लेकरू बघवतं का? उपवासाला फराळ नसतो? मातीत शेणखत घातलं. गाईचं, शुद्ध शाकाहारी! एक तोंड काळं पडलं. मी म्हटलं, अशक्तपणा. आणखी ओंजळभर घातलं. वरून ताक.

“आक्का, पोट बिघडलं असंल त्याचं,” रशीदभाई म्हणाले. “मुगाची खिचडी देऊन बघा.”

तोवर सगळंच काळं झालं होतं. आणि शनिवार! घंटी वाजली.

“माय, झाड कसं आहे?”

“ठणठणीत! दोन नवी तोंडं फुटली.”

काय करू? झाड मेलं म्हटल्यावर फोन कशाला येईल? पुढच्या शनिवारी चार फुटली. त्याच्या पुढच्या शनिवारी कळी आली! कुंडीतलं झाड वाळून कोळसा झालं आणि माझ्या तोंडात नुसतं फोफावून राहिलं होतं.

“श्रावणात कळी?” छबू किंचाळली. “याला कळी उन्हाळ्याच्या तोंडाला येते, असं होतच नाही!”

आणि कळी बघायला निघालीच की! रजा टाकून, रात्रभर बसमध्ये बसून, वारंगा फाट्यावर गाडी बदलून थेट कचेरीत. आधी कुंडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुढचं तुम्ही ऐकलंच.

“याच्या मातीत कस नसतो, म्हणून तर ते माश्या धरतं!” तिचा आवाज चढतच गेला. “खत म्हणजे याला विष. मी काय सांगितलं होतं? हात लावू नकोस, दुरून बघ. एवढंही जमलं नाही तुला?”

बडेबाबूंनी फाईल उघडली, तीही उलटी.

मी पदर खोचला, मान ताठ केली आणि म्हणाले, “दुरून बघायचं काम तुझ्यापायी इतकी वर्षं करूनच राहिले की गं, हे एक हाताशी आलं, त्याला तरी जेवू घालू नको व्हय?”