ओठाआडचा दोरा

"दोरा आखूड हाय का बघू," असं म्हणत आमच्या शेजारचे अण्णा कुठल्याही बाळाचा वरचा ओठ करंगळीनं अलगद उचलायचे. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याला बारशाच्या पेढ्यांपेक्षा बाळाच्या हिरड्यांत जास्त रस असतो.

शहापुरातल्या आमच्या गल्लीत त्यांचे दोन माग होते. कुणाकडं बाळंतीण आली की माग थांबवून, नळावर कोपरापर्यंत हात धुऊन ते यायचे. ओठ हिरडीला जोडणारी जी पातळ पट्टी असते, तिला ते दोरा म्हणत. ती जाड दिसली की लगेच, "कापून घ्या. मागनं पस्तावशीला." एकदा एका पोरीनं त्यांचं बोट कडकडून चावलं. "दात आलाय म्हणून आधी सांगायचं न्हाय व्हय?" म्हणत ते बोट झाडत हसत राहिले.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, मला सांगितलं. त्यांचा पहिला मुलगा दूध पिताना दमायचा, श्वास घेताना घरघरायचा. ओठाचा दोरा कापा, असं कुणीतरी सुचवलं होतं. "एवढ्याशा जिवाला कातरी लावायची?" म्हणून अण्णांनीच नको म्हटलं. पोरगं गेलं.

"तवापासनं त्येंच्या मनात त्यो दोराच हाय बघ," आक्का म्हणाल्या.

पुढं मला मुलगा झाला. त्याचाही दोरा आखूड, आणि श्वासाला घरघर. अण्णांनी ओठ खाली सोडला आणि बाळाच्या छातीवर हात ठेवून घरघर ऐकत बसले. सासूबाई म्हणायच्या, "आजोबांवर गेलाय, घोरतोय."

मग बाळाला सर्दी झाली. दुपारी अण्णा आले, झबलं वर करून बघत राहिले. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"पोरी, चप्पल घाल. चल."

रिक्षात ते पुढं बसले, पण सारा रस्ता मान मागं वळवून बाळाच्या छातीकडं बघत होते.

दवाखान्यात बाळाला ऑक्सिजन लावला. ते सावरल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हाला समजावलं. श्वासनळीच्या तोंडाशी असलेला भाग जन्मतः मऊ आहे, त्यात सर्दीनं भर घातली. बहुतेक मुलांत वाढीबरोबर तो घट्ट होतो, तोवर लक्ष ठेवायचं.

"आन् दोरा कवा कापायचा?" अण्णांनी विचारलं.

"तो श्वास अडवत नाही, अण्णा. फार तर दूध ओढायला त्रास होतो. याचं वजन चांगलं वाढतंय, राहू दे."

अण्णा बाकावर टेकले. "आमचं एक हुतं," ते म्हणाले, आणि तुटक तुटक सगळं सांगितलं. त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

डॉक्टरबाई त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. "त्याला काय झालं होतं ते आता मला सांगता येणार नाही. पण नुसत्या दोऱ्यानं बाळ जात नाही. तुम्ही तो कापला असता म्हणून काही वेगळं झालं नसतं."

अण्णा उठले, नळावर जाऊन तोंड धुऊन आले. "म्हंजे मी न्हवं," एवढंच म्हणाले. मला की स्वतःला, कळलं नाही.

त्या संध्याकाळी शेजारचे माग सुरू झाले नाहीत. भिंतीपलीकडून दोघांचं हळू बोलणं येत होतं, मध्येच आक्कांचं रडणं. त्यानंतर कुणी ओठ दाखवायला बाळाला आणलं तर अण्णा म्हणायचे, "डाक्टरला दाखवा गं, मला काय कळतंय?" आणि बाळाला नुसतं मांडीवर घेऊन बसायचे.

माझ्या मुलाची घरघर हळूहळू गेली.

मागच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा अण्णांनी माग विकले आणि दोघं निपाणीकडच्या बोरगावला लेकीकडं निघाली. निपाणीच्या गाडीत बसवायला आम्ही स्टँडवर गेलो. गाडी हलली तसा माझा मुलगा "अण्णाऽऽ" म्हणून असा काही ओरडला की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. मी त्याचं तोंड दाबायला हात पुढं केला.

"वरडू दे गं त्याला," अण्णा खिडकीतून म्हणाले. "छाती भरून वरडू दे."

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी तो ओरडत होता. मी थांबवलं नाही.